१५ टक्के चढावर मोटरहोम: चिसोस बेसिनमधल्या एका मुक्कामाचा अभ्यास

टेक्सस राज्याच्या नैर्ऋत्य कडेला, रिओ ग्रान्दे नदी जिथं मोठं वळण घेते तिथं बिग बेंड राष्ट्रीय उद्यान आहे. सगळीकडे वाळवंट आणि मधोमध चिसोस पर्वत. या पर्वताच्या पोटात, सुमारे ५,४०० फुटांवर, कड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत चिसोस बेसिनचं कॅम्पग्राउंड आहे. पूर्वेला कासा ग्रान्देचा भिंतीसारखा सरळ उठलेला माथा, आणि पश्चिमेला 'विंडो' नावाची खिंड, जिच्यातून बेसिनमधलं सगळं पावसाचं पाणी खाली वाळवंटात उतरतं. तिथं नेणारा रस्ता १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी डोंगर फोडून केला. आजच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विचार तेव्हा कोणी करण्याचा प्रश्नच नव्हता. उद्यानाची सूचना आजही स्पष्ट आहे: २४ फुटांपेक्षा लांब मोटरहोम आणि २० फुटांपेक्षा लांब ट्रेलर इथं आणू नयेत. चढ काही ठिकाणी १५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे शंभर फूट पुढं गेलात की पंधरा फूट वर.

अशा ठिकाणी आम्ही मोटरहोम नेलं. त्या मुक्कामात काय ठरवलं, का ठरवलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, हे इथं सविस्तर लिहिते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत हाच प्रसंग येतो. आईवडील भारतातून आलेले असतात, त्यांना डोंगर दाखवायचा असतो, गुडघे साथ देत नसतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, 'आरव्ही घेऊ या,' म्हणजे मोटरहोम.

आम्ही सहा जण होतो: मी, नवरा, दोन मुलं, आई आणि आप्पा. मार्चमधली वसंताची सुट्टी, म्हणजे बिग बेंडमधला सगळ्यात गर्दीचा काळ. बेसिनमधलं लॉज केव्हाच भरलेलं. आईला रात्री दोनतीनदा उठावं लागतं, आणि कॅम्पग्राउंडातली स्वच्छतागृहं जवळ असली तरी वाट चढउताराची आहे. तिच्या गुडघ्यांना अंधारात ती वाट नको होती. तंबूचा पर्याय तिच्यासाठी तिथंच संपला. नदीकाठचं रिओ ग्रान्दे व्हिलेज हे दुसरं कॅम्पग्राउंड सपाट आहे आणि तिथं वीज-पाण्याच्या जोडणीच्या जागाही आहेत. पण ते १,८५० फुटांवर आहे. मार्चमध्येसुद्धा तिथं दुपारी चांगलंच तापतं आणि बेसिन मात्र थंड असतं. आईला उन्हाचा त्रास होतो. म्हणून वर जायचं ठरलं, आणि प्रश्न उरला तो एवढाच की वर जाईल असं घर कोणतं.

लांबीचा प्रश्न

सहा जणांसाठी भाड्यानं देणाऱ्या कंपन्या सहसा २५ फुटी किंवा त्याहून मोठी गाडी सुचवतात. सूचनेतली मर्यादा २४. 'एका फुटानं काय होतंय,' असं आमच्या ओळखीत दोघांनी सांगितलं. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायला हवं, कारण हा एक फूट नुसता लांबीचा नसतो.

अशा गाडीचं मागचं चाक शेपटीपासून बरंच पुढं असतं. चाकामागं साधारण सव्वादोन मीटर घर नुसतं अधांतरी लोंबत असतं. वळणावर मागची चाकं आतल्या बाजूला कापत येतात आणि ही शेपटी बाहेरच्या बाजूला फिरते. अरुंद रस्त्यावर याचा अर्थ असा की आतलं चाक कडेच्या दगडांवर आणि शेपटी समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये. हे झालं वळणाचं. चढाचं गणित आणखी कडक आहे. सपाटीवरून १५ टक्के चढाला गाडी लागली की नाक वर जातं आणि शेपटी खाली. २.३ मीटर शेपटीला ती घसरण जवळजवळ ३५ सेंटिमीटर होते. मागच्या बंपरखाली जमिनीपर्यंत साधारण तेवढीच जागा असते. शेपटी जितकी लांब तितकं ते आधी घासतं. तिथं सांडपाण्याच्या टाकीचा पाइपही असतो, आणि तो तुटला तर सुट्टी संपली.

आम्ही २२ फुटी गाडी घेतली आणि नवऱ्यानं, मुलांनी तंबूत झोपायचं ठरवलं. गाडी ठरवताना बंपर ते बंपर खरी लांबी विचारून घेतली, कारण जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष लांबी यांत फरक असू शकतो, आणि मागे सायकलचा स्टँड असेल तर तोही शेपटीच. शिवाय नवरा मागून आमची साधी कार घेऊन आला. हा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उतारावर एकदा बसवलेलं मोटरहोम रोज हलवायचं नसतं. बेसिनमध्ये लॉजजवळून 'विंडो व्ह्यू' नावाची जेमतेम अर्धा किलोमीटरची पक्की, सोपी वाट आहे. आईला सूर्यास्ताला तिथं न्यायचं तर कॅम्पग्राउंडातून वर चढायला चाकं हवीत. लॉस्ट माइनची पायवाट जिथून सुरू होते तो खिंडीतला वाहनतळ इतका लहान आहे की तिथं मोठ्या गाडीला जागाच नाही. ज्यांच्याकडे फक्त मोटरहोम आहे ते या दोन्ही ठिकाणांना मुकतात किंवा दर सकाळी सगळा संसार बांधतात.

वर जाताना आधी उतार

पँथर जंक्शनला उद्यानाचं मुख्य केंद्र आहे, उंची साधारण ३,७५० फूट. तिथून थोडं पश्चिमेला बेसिनचा फाटा. ग्रीन गल्च नावाच्या दरीतून रस्ता चढत जातो, पँथर पास ही खिंड ओलांडतो, आणि मग बेसिनमध्ये घट्ट वळणांनी खाली उतरतो. नकाशावर बघणाऱ्याच्या मनात 'जाताना चढ, येताना उतार' असं चित्र असतं. इथं मुक्कामाला पोचण्याआधीच, इंजिन तापलेलं असताना आणि चालक दमलेला असताना, सगळ्यांत आवळ वळणं उताराची आहेत. परतताना आधी चढ आणि मग ग्रीन गल्चचा लांब उतार, दहाएक किलोमीटरच्या आत सुमारे दोन हजार फूट.

आप्पा एसटीत चालक होते. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात त्यांची निम्मी नोकरी गेली. गाडी मी चालवत होते, ते शेजारी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार नेमका वाटला: "ही ऑटोमॅटिक गाडी गिअर धरून ठेवती का? का उतारावर आपली आपण वरच्या गिअरात जाती?"

उत्तर असं की आपोआप सोडून दिली तर ती वरच्या गिअरात जाते. उतारावर पाय अॅक्सिलरेटरवर नसतो, इंजिनावर ताण नसतो, म्हणून गिअरबॉक्सला वाटतं गाडी मजेत चालली आहे. यासाठी अशा गाड्यांच्या गिअरदांड्यावर 'टो-हॉल' असं बटण असतं. ते दाबलं की गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवते, आणि ब्रेकला हलका स्पर्श केला की आणखी एक गिअर खाली येते. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. मी हे दाखवल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजे आमचंच. ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं." घाटातल्या ट्रक-एसटीवाल्यांचा हा जुना नियम इथं बटणात बसवलेला आहे.

ब्रेकवर विसंबून का उतरू नये, याचा हिशेब एकदा करून ठेवण्यासारखा आहे. भरलेली २२ फुटी गाडी साधारण पाच टन. ती दोन हजार फूट खाली आली की जी ऊर्जा सुटते तिच्यात खोलीच्या तापमानाचं जवळजवळ ९० लिटर पाणी उकळून निघेल. ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या चार चकत्यांत घातली तर त्या लाल होतील. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. डॉट-३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत खाली येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पॅडल जमिनीपर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. भाड्याच्या गाडीतलं ऑइल किती जुनं, हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून सावधगिरी दुप्पट. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी ठाम दाबायचा, वेग ठरवलेल्या वेगाच्या ताशी आठेक किलोमीटर खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा. वेग पुन्हा ठरवलेल्या आकड्याला आला की परत तसंच. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या परवान्याच्या पुस्तिकेत हीच पद्धत शिकवतात. सोडल्या वेळात चकत्यांना हवा मिळते.

मागं गाड्यांची रांग लागली की बाजूच्या रुंद जागेत थांबून त्यांना जाऊ द्यायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. घाईत असलेला मागचा चालक हा उतारावरचा खरा दबाव असतो, आणि तो काढून टाकणं आपल्या हातात आहे.

जागा निवडणं आणि गाडी बसवणं

कॅम्पग्राउंडात साठेक जागा आहेत, सगळ्या उंचसखल उतारावर कोरलेल्या. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी एकाही जागेला नाही. आरक्षण आधी करावं लागतं आणि ते जागेनिशी असतं. आम्ही आरक्षणाच्या वेळी प्रत्येक जागेचे फोटो बघून एक गोष्ट शोधत होतो: गाडी उभी करायची पट्टी रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या. याचं कारण थोडं खोलात सांगते, कारण या मुक्कामातलं मला सगळ्यांत उपयोगी वाटलेलं ज्ञान हेच आहे.

या गाड्यांचा हँडब्रेक आणि गिअरचा 'पार्क' दोन्ही फक्त मागच्या चाकांना धरतात. गाडी सपाट करायला ठोकळे लावायचे ते खालच्या बाजूच्या चाकांखाली. पट्टी रस्त्याखाली उतरत असेल आणि गाडी उलटी लावली तर शेपटी खाली येते, म्हणजे ठोकळे नेमके धरून ठेवणाऱ्या मागच्या चाकांखाली जातात, आणि मागे दोन्हीकडे जोडचाकं असल्यानं दोन्ही चाकांना पूर्ण आधार द्यावा लागतो. नाक खाली करून लावली तर ठोकळे पुढं येतात, पण निघताना मागचं न बघता चढावर रिव्हर्स घ्यावं लागतं. पट्टी रस्त्याच्या वरच्या अंगाला असली तर हे दोन्ही सुटतं: रिव्हर्सनं वर चढवायची, नाक खाली रस्त्याकडं, मागची चाकं जमिनीवर घट्ट, ठोकळे पुढच्या चाकांखाली, आणि निघायचं तेव्हा सरळ पुढं.

एकच धोका उरतो तो शेपटीचा. रिव्हर्समध्ये चढ सुरू होतो तिथं चाकांच्या आधी शेपटी पोचते. आमच्या पट्टीचा चढ सुरुवातीला आठनऊ टक्के होता, म्हणजे शेपटीखालची वीसेक सेंटिमीटर जागा जाणार होती. ३५ असताना हे बसतं, १५ टक्क्याला बसलं नसतं. आप्पा मागं वाकून बंपरखाली बघत उभे. इंजिनच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येईना, आरशात ते दिसेनात, तेव्हा त्यांनी गाडीच्या मागच्या भिंतीवर थाप मारायला सुरुवात केली. एक थाप थांब, दोन थापा ये. एसटीतली कंडक्टरची घंटी. मला वेगळं काही शिकावं लागलं नाही, लहानपणापासून तीच घंटी ऐकत आले.

आता सपाटपणाचं. दोन चाकांच्या जोड्यांमधलं अंतर आमच्या गाडीत साधारण ३.५ मीटर. चढ दोन टक्के असेल तर ७ सेंटिमीटर उचल लागते, पाच टक्क्यांना १७, आणि पंधरा टक्क्यांना अर्ध्या मीटरहून जास्त. प्लास्टिकचा एक ठोकळा सुमारे अडीच सेंटिमीटर उंच. चार थरांच्या पुढं रचायची माझी तयारी नव्हती. म्हणजे ठोकळ्यांनी १० सेंटिमीटर, बाकीचं जागा बदलून. उतारावरच्या पट्ट्या सर्वत्र सारख्या कलत नाहीत. गाडी पट्टीवर आणखी मीटरभर वर घेतली तेव्हा कल पाच अंशांवरून तीनवर आला. तीन अंशांना १८ सेंटिमीटर लागतात. दहा सेंटिमीटर ठोकळ्यांनी भरून काढले, आणि उरला सव्वा अंश. आधी मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावली, मगच पुढचं.

ही सव्वा अंशाची चिंता नुसती झोपेची नाही. आमच्या गाडीतला फ्रिज गॅसवर चालणारा होता. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पंपही नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण ज्योतीनं तापतं आणि नळ्यांमधून नुसत्या गुरुत्वाकर्षणानं परत वाहतं. गाडी जास्त कलली तर द्रव नळीत अडतो, तापणारी नळी कोरडी पडते, आतलं गंजरोधक रसायन घट्ट होऊन बसतं, आणि फ्रिज कायमचा जातो. अशा फ्रिजची सर्वसाधारण मर्यादा आडवी तीन अंश आणि लांबीत सहा अंश धरतात. चालत्या गाडीत हे सतत हलतं म्हणून चालून जातं, उभ्या गाडीत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नव्या फ्रिजना ही अडचण नसते, म्हणून गाडी घेताना फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे हे विचारण्यासारखं आहे.

फोनमधल्या ॲपनं आम्ही कल मोजला होता, पण आईनं तो धिरडं घालून मोजला. पीठ तव्यावर ओतलं आणि ते जवळजवळ गोल पसरलं, एका अंगाला जरासं जाड. "चालतंय," म्हणाली. बिछान्यावर डोकं चढाच्या बाजूला ठेवायचं, एवढी एक गोष्ट तिला सांगावी लागली. गाडीच्या दाराची पायरी मात्र एका बाजूला उंच झाली होती. तिथं आम्ही उरलेले ठोकळे जोडून आणखी एक पायरी केली. गुडघ्यांचं माणूस घेऊन जाणाऱ्यानं ठोकळ्यांचे दोन संच मागून घ्यावेत.

वीज, थंडी, अस्वल

रात्री पारा बराच उतरला. गॅसच्या हीटरला ज्योत गॅसची, पण पंखा बॅटरीचा, सातआठ अँपिअर खाणारा. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे पंखा अखंड चालला तर सहासात तास. आम्ही हीटर सोळा अंशांवर ठेवला, म्हणजे तो मधूनमधूनच लागत राहिला, आणि आईला दोन गोधड्या दिल्या. जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो, आणि शेजारी तंबूत माणसं झोपलेली असताना त्याचा धूर कुठं जातो हे पाहिलंच पाहिजे. रात्रीच्या शांत, थंड हवेत तो उताराच्या खालच्या बाजूला ओढला जाऊ शकतो. आमचा तंबू म्हणून वरच्या अंगाला होता.

चिसोसमधून काळी अस्वलं एकेकाळी नाहीशी झाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती मेक्सिकोतल्या सिएरा देल कार्मेनमधून आपली आपण नदी ओलांडून परत आली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि ती टिकावी म्हणून प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते. तंबूत चिवड्याचा कणही ठेवायचा नाही. मुलांनी हे शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत पाळलं.

उतरणं

निघायच्या सकाळी सांडपाण्याची टाकी बेसिनमधल्याच ठिकाणी रिकामी केली. पिण्याच्या पाण्याची टाकी भरली असती तर दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. तेवढं वजन उतारावर घेऊन जायचं कारण नव्हतं. शिवाय बेसिनचं पाणी ओक स्प्रिंगवरून पंपानं वर चढवून आणतात, ते जपून वापरायचं असतं. चाकांची अडणी सगळ्यांत शेवटी काढली. पँथर पासला टो-हॉल लावलं आणि ग्रीन गल्चमध्ये वेग वाढू लागण्याआधीच गिअर खाली आणला. खाली फाट्याजवळ थांबून आप्पांनी चाकाला हात न लावता तळहात जवळ नेला. ऊब होती, जळका वास नव्हता. मग पँथर जंक्शनला पेट्रोल भरलं आणि दोन रात्री रिओ ग्रान्दे व्हिलेजला सपाट जागेवर काढल्या.

हाच बेत कोणी करणार असेल तर एक गोष्ट आधी तपासा: जुन्या लॉजची इमारत नव्यानं बांधण्यासाठी बेसिन दीर्घकाळ बंद ठेवण्याचं नियोजन उद्यानानं जाहीर केलेलं आहे, त्यामुळे तारखा ठरवण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना पाहा. आणि २५ फुटी गाडी आधीच ठरली असेल तर ती नदीकाठी जोडणीच्या जागेवर ठेवा, वर कारनं जा. आईसारखं माणूस बरोबर असेल तर सकाळी लवकर निघून विंडो व्ह्यूची वाट करता येते आणि ऊन चढायच्या आत परतही येता येतं.